पोटात माळा, डोक्यात प्लॅन!

मुंबईत आडवी जागा विकत घ्यावी लागते, उभी जागा मात्र शोधावी लागते. चौरस फुटाचा भाव विचारायला गेलात तर घसा कोरडा पडेल, पण डोक्यावरच्या हवेचं बिल अजून तरी कुणी लावलेलं नाही. आपल्या आधीच्या तीन-चार पिढ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर गिरगाव, लालबाग, परळच्या जुन्या खोल्यांमध्ये पोटमाळा हा घरातला एक मेंबरच असायचा. पाहुणे आले, पोरांची रवानगी माळ्यावर. दहावीची परीक्षा आली, चल माळ्यावर. नवरा-बायकोचं वाजलं, एकजण माळ्यावर!

‘लॉफ्ट’ हा शब्द नंतर आला, इंटिरिअरच्या चकचकीत पुस्तकांतून. विलायतेत उतरत्या छपराखालची अडगळ उपसून तिथे बेडरूम काढतात, तो त्यांचा लॉफ्ट. आपला पोटमाळा छपराखाली नसतो, तो घराच्या पोटात असतो. खाली माणसं, वर माणसं आणि मध्ये फळ्या!

गेले दोन महिने माझे सगळे वीकेण्ड या फळ्यांच्या मागे चालले आहेत. कारण माझी मावसबहीण. वय चोवीस, नोकरी अमेरिकन क्लायंटची, शिफ्ट रात्रीची. पहाटे पाचला कंपनीची कॅब तिला ठाकूरद्वारच्या नाक्यावर सोडते आणि ही बया झोपायला म्हणून घरी येते, तेव्हा घराचा दिवस सुरू होत असतो. दहा बाय पंधराची खोली, मागे छोटंसं स्वयंपाकघर, माणसं चार. पाण्याची वेळ, कुकरच्या शिट्ट्या, काकांचा रेडिओ, भावाची ऑफिसला जायची घाई. सलग तीन तास झोप मिळाली तरी लॉटरी. तिच्यापुढे दोनच पर्याय होते. एक तर ऐरोलीला पीजी बघायचं, नाही तर घरातच घर काढायचं. पीजीचा विषय निघाला की मावशी काही बोलत नाही, नुसती तांदूळ निवडत बसते. म्हणून मग आम्ही दुसरा पर्याय कागदावर मांडायला घेतला. इंटिरिअरवाला नाही, कॉण्ट्रॅक्टर नाही. आपला हात जगन्नाथ!

मान वर करून चाला

पोटमाळा समजून घ्यायचा तर आधी गिरगावात एक चक्कर मारायला हवी. चर्नी रोडला उतरा किंवा ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावात आलेल्या भुयारी मेट्रोच्या स्टेशनातून थेट वर या. याच मेट्रोसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती पडल्या, तेव्हा उरलेल्या जरा डोळे भरून बघा. १८९३ मध्ये ज्या चाळीत मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला, ती केशवजी नाईकांची चाळ इथलीच. बाहेरून लाकडी जिने असलेली खोताची वाडीही इथलीच. दुपारच्या वेळी चाळीच्या गॅलरीतून चाललात की उघड्या दारांतून आतल्या शिड्या दिसतात. कुठे शिडीवर टॉवेल वाळत घातलेला, तर कुठे माळ्यावरून खाली लोंबणारा नुसता एक पाय. मालक वाचतोय की झोपलाय, देव जाणे.

ही उंची आली कुठून? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राची हवा दाट वस्तीत खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढले गेले. हवा आणि उजेड हा त्या काळच्या शहराचा मंत्रच होता. त्यात घरोघरी विजेचे पंखे नव्हते. गरम हवा वर जाते, म्हणून छत उंच ठेवायचं, हा साधा हिशोब. पुढे पंखे आले, माणसं वाढली आणि हवेसाठी सोडलेली ती जागा गादी टाकायला कामी आली. गिरगावातले पुष्कळ लोक मूळचे कोकणातले. चुलीवरच्या माळ्यावर नारळ आणि सुकवण ठेवायची सवय त्यांना होतीच. इथे नारळांच्या जागी माणूस गेला, एवढंच!

उंचीचं हेच गणित धारावीत आणखी घट्ट होतं. झोपडीला पालिकेची मर्यादा १४ फुटांची. त्यात सात-सात फुटांचे दोन मजले बसवायचे, खाली कारखाना आणि वर संसार. कुंभारवाड्यात गेलात तर खाली माती कालवली जात असते आणि वर पोरांचा अभ्यास चाललेला असतो. आर्किटेक्चर शिकणाऱ्यांनी अवश्य जाऊन बघावं.

आधी निजान बघ!

आमच्या प्लॅनिंगची पहिली पायरी मेजरिंग टेप असेल, असं मला वाटलं होतं. पण चाळीतल्याच एका सुतारकाकांनी टेप बाजूला ठेवायला लावली. गावचे मालवणकडचे, आयुष्यभर गिरगावात माळे ठोकलेले. म्हणाले, “आधी थंय निजान बघ गो बाय, मगे माप घे!” मग आम्ही जमिनीवर खडूने चौकोन आखला, त्यात गादी टाकली आणि मावसबहिणीला तिच्या वेळेला, म्हणजे दिवसाढवळ्या, त्यात झोपवलं. कूस बदलताना ती किती सरकते, मोबाइल कुठे ठेवते, उठून बसताना डोकं कुठवर जातं, या सगळ्याच्या खुणा केल्या. मगच टेप हातात आली.

आता खरा खेळ उंचीचा. मुंबईच्या बांधकाम नियमांत माळ्याखाली किमान २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फूट मोकळं हवं. माळ्यावर जास्तीत जास्त १.५ मीटर चालतं. त्याहून जास्त झालं की ती जागा एफएसआयमध्ये मोजली जाते. राहत्या खोलीच्या फार तर २५ टक्के भागावर माळा घेता येतो. नियमाच्या भाषेत तो सामानासाठी असतो, झोपायला कुणी जात असेल तर तो मुंबईचा स्वभाव.

मावशीच्या खोलीची उंची भरली साडेअकरा फूट. त्यातून खालचे सव्वासात फूट वजा करा, फळ्या आणि चौकटीचे पाच इंच वजा करा. वर उरतात ३ फूट १० इंच. चार इंचांची गादी टाकली तरी साडेतीन फूट हाताशी. म्हणजे मांडी घालून ताठ बसता येतं, लॅपटॉप उघडता येतो. सही!

हाच हिशोब आपल्या नव्या फ्लॅटला लावून बघा. छत साडेनऊ फुटांवर असेल तर वर उरतात १ फूट १० इंच. तिथे सूटकेस झोपेल, माणूस नाही. तेव्हा तुमच्या घराची उंची दहा-साडेदहा फुटांच्या आत असेल तर पोटमाळ्याचं स्वप्न इथेच सोडा आणि भिंतीत मिटणारा पलंग शोधा. उगाच हौस म्हणून छताला नाक घासत झोपण्यात काही गंमत नाही.

क्षेत्रफळाचंही तसंच. दीडशे चौरस फुटांचे २५ टक्के म्हणजे साडेसदतीस. आम्ही ते पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब असे वाटून घेतले. झोपायला सहा फूट, पायाशी उरलेल्या दीड फुटात पुस्तकं आणि कपडे. प्लायवूडचा तक्ता आठ बाय चारचा येतो, म्हणजे दोन तक्त्यांत काम भागतं. वर उरलेल्या तुकड्यांत शिडीच्या पायऱ्या निघतात.

आपली जमीन, त्यांचं छत

आता वजन. राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला २०० किलो भार धरायचा, असं आपल्याकडचं मानक सांगतं. साडेसदतीस चौरस फूट म्हणजे जवळपास साडेतीन चौरस मीटर. म्हणजे डिझाइन करायचं ते ७०० किलोंसाठी. मुलगी ५२ किलोंची असली म्हणून काय झालं? उद्या सुट्टीत चार भाचरं वर चढणारच ना!

हे ७०० किलो जाणार कुठे, हा प्रश्न जुन्या चाळीत फार गंभीर आहे. इमारत शंभरीला टेकलेली, आतला सांगाडा सागवानी. तुळयांवर फळ्या आणि त्यावर फरशी. जुने माळे सरळ तुळयांना टांगलेले किंवा भिंतीत खोबण्या पाडून बसवलेले असायचे. आम्ही एका स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवायला बोलावलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हरने तुळईचं भिंतीत शिरणारं टोक टोचून पाहिलं, कारण ओल आणि वाळवी आधी तिथेच धरते. एका टोकाला लाकूड भुसभुशीत लागलं. झालं! छताला काही टांगायचं नाही आणि भिंत फोडायची नाही, असा निकाल आला. माळा स्वतःच्या पायांवर उभा राहील, शेतातल्या मचाणासारखा.

पण मग हे पाय टेकायचे कुठे? आपल्या जमिनीखालच्या तुळया कुठून कुठे जातात, हे आपल्या घरात बसून दिसत नाही. त्यासाठी खालच्या घरात जाऊन वर बघावं लागतं.

पहिल्या मजल्यावरच्या आजी-आजोबांकडे आम्ही एका रविवारी टेप, खडू आणि बॅटरी घेऊन गेलो. आजींनी पोहे केले. आम्ही वर माना करून त्यांच्या छताच्या तुळया मोजत होतो, आणि आजोबा आमच्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे हे सातशे किलो आमच्या पलंगावर येणार का?” प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. इंजिनीअरनी त्यांना कागदावर काढून दाखवलं. चार पाय, प्रत्येकावर पावणेदोनशे किलो. पाय खोलीच्या मध्ये नाहीत, भिंतीलगत. प्रत्येक जोडीखाली जाड लाकडाची आडवी पट्टी, म्हणजे भार एका बिंदूवर न येता दोन-तीन तुळयांवर विभागला जाईल. भुसभुशीत टोकाच्या बाजूला पाय अजिबात नाही. त्यासाठी माळा एक फूट डावीकडे सरकला, आजोबांचा पलंगही एक फूट सरकला, आणि मग परवानगी मिळाली. इमारतीच्या कागदपत्रांत या परवानगीसाठी रकाना नाही. पण माझ्या मते सगळ्यात आधी घ्यायची परवानगी हीच. आपला पोटमाळा म्हणजे आपली हौस, पण उभा तो दुसऱ्याच्या छतावर असतो.

नट-बोल्टचा फण्डा

कागदावरची परवानगीही आहेच. खोली पागडीची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १६ नीट वाचा. मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने कायमस्वरूपी बांधकाम केलं, तर ते खोली खाली करायला लावण्याचं कारण ठरू शकतं. एका गादीच्या जागेसाठी शंभर वर्षांची खोली पणाला लावणार का? मालकाला लेखी पत्र दिलंच, पण प्लॅनही त्याच अंगाने बदलला. वेल्डिंग नाही, सिमेंट नाही, भिंतीत एकही खिळा नाही. सगळे जोड नट-बोल्टचे. दोन पाने आणि दोन माणसं असली की एका दिवसात माळा उतरवता येईल असा. शिडीही अडकवायची, ठोकायची नाही.

आता शॉपिंग! हा भाग म्हणजे मुंबईदर्शनच. हार्बर लाइनवर रे रोडला उतरून लाकडी बंदराकडे गेलात की जुन्या इमारतींतून निघालेलं सागवान मिळतं. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, ते आता काय वाकणार? फक्त जुने खिळे तपासून घ्या, नाहीतर करवतीचे दात जातील. प्लायवूड घेताना आयएस ७१० हा शिक्का बघा, ओल खाणाऱ्या चाळीत तोच बरा. नट, बोल्ट, वॉशर, बिजागऱ्यांसाठी नागदेवी स्ट्रीट. वायर, स्विच, दिव्यांसाठी जवळच लोहार चाळ. पितळी कडी-कोयंड्याचा शौक असेल तर मटण स्ट्रीटचा चोरबाजार, पण तिथे घासाघीस करायची तयारी ठेवा. आणि हो, प्लायचा तक्ता घेण्याआधी चाळीच्या जिन्याचं वळण मोजा. आठ बाय चारचा तक्ता तिशी-पस्तिशी किलोंचा असतो आणि तो जिन्यात वाकत नाही. आम्ही दुकानातच कापून आणणार आहोत.

पंखा, फोडणी आणि शिडी

माळ्याच्या प्लॅनमध्ये सगळ्यात जास्त छळलं ते पंख्याने. खोलीच्या मधोमध ४८ इंची पंखा. पाती मध्यापासून दोन फूट फिरतात. खोलीची लांबी पंधरा, म्हणजे आतल्या भिंतीपासून पाती साडेपाच फुटांवर. माळा पाच फुटांचा. मध्ये अंतर सहा इंच! झोपेत हात बाहेर गेला तर? छताच्या पंख्याला रिटायर केलं. आता भिंतीवरचे दोन पंखे येतील, एक खाली आणि एक वर. वर तर हवाच, कारण घरातली सगळी गरम हवा तिथेच जमते.

दुसरी फोडणी. स्वयंपाकघराची भिंत छतापर्यंत गेलेली नाही. मावशीने मिरचीची फोडणी दिली की ठसका थेट माळ्यावर. म्हणून स्वयंपाकघराला एक्झॉस्ट फॅन आणि त्या बाजूने प्लायचा पडदा. गॅसच्या शेगडीवर माळा कधीही घेऊ नका. दारावरचा झरोकाही बुजवू नका, वरच्या माणसाची हवा तीच.

तिसरी शिडी. दर चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर, हे सूत्र. आमची पावणेआठ फूट चढण, म्हणजे पाय दोनेक फूट बाहेर येतो. कठड्याच्या दांड्यांत चार इंचांपेक्षा जास्त फट नको, लहान मुलाचं डोकं अडकतं. दिव्याला जिन्यासारखा टू-वे स्विच घ्या, म्हणजे खाली लावायचा आणि वर विझवायचा. वायरिंग जुनं असेल तर आधी ते बदला आणि करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर बसवा. लाकडाच्या इमारतीत ठिणगीशी मस्करी नाही.

पण किती दिवसांसाठी?

हा प्रश्न काकांचा. इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. मीटिंग होतात, चहा होतो, पुढची तारीख पडते. पण सगळीकडे काही तसं नाही. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या गेल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जुन्या उपकरप्राप्त इमारतींतल्या भाडेकरूंनाही पुनर्विकासात किमान ३०० चौरस फूट मिळतात. म्हणजे मावशीलाही एक दिवस मिळतील. काकांचं म्हणणं असं की, तोवर कळ काढू.

मावसबहीण म्हणाली, “बाबा, ती बिल्डिंग होईपर्यंत मी तिशीला येईन. मला झोप आत्ता हवीय.”

विषय संपला.

नव्या घराला वेगळी बेडरूम असेल, दार असेल, दाराला कडी असेल. नसेल ती ही उंची. तेव्हा हा माळा जसाच्या तसा तिथे उभा राहणार नाही, हे आम्हाला आजच माहीत आहे. म्हणून चारही पाय एका ठिकाणी जोड देऊन केलेत. वरचा भाग काढला की खाली अडीच फुटांचा साधा पलंग उरतो. कागदावर तरी छान दिसतोय. मावशीने त्या पलंगाची जागा आत्तापासून ठरवलीय, खिडकीपाशी.

तूर्तास यादी तयार आहे. सागवानी पाय ४, प्लायचे तक्ते २, पंखे २, टू-वे स्विच १ जोडी, बोल्ट ३२ आणि प्रत्येक बोल्टला दोन वॉशर. शनिवारी नागदेवीला जायचंय. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, आणि माळा उभा करायला आमच्या हातात रविवारच आहे. सोमवारी रात्री बाईसाहेबांची शिफ्ट आहे, आणि मंगळवारी पहाटे पाचला कॅब नाक्यावर येईल.